ऑकेजनली

"मारता का हिला?" समुपदेशक बाईंनी सरळच विचारलं.

"ऑकेजनली," इंग्रजीचे प्राध्यापक कारखानीस शांतपणे म्हणाले. शेजारी बसलेल्या बायकोला, विभावरीला, ते कळलं नसेल असं वाटून त्यांनी वर्गात शिकवावं तसं समजावलं, "म्हणजे प्रसंगोपात्त. मूळ लॅटिन शब्दाचा अर्थ पडणं. एखादी गोष्ट सहज, आपोआप घडणं."

बोलताना त्यांच्या चेहऱ्यावर अचूक शब्द सापडल्याचं समाधान होतं. मारापेक्षा विभावरीला त्या समाधानाची जास्त किळस आली. समेटासाठी आपण इथे आलो, याचीही.

"आपोआप नाही घडत, बाई," ती म्हणाली. "आधी हे दाराला कडी लावतात. मग हातातलं घड्याळ काढून ठेवतात."

कारखानीसांनी हसून तिच्या खांद्यावर हात ठेवला. तिने तो झुरळासारखा झटकला.

"समेट नको. पोलिसांत तक्रार कशी करायची, तेवढं सांगा."