डावा खांदा

खंडूने माग चालवला, खंडूच्या महादूने चालवला, महादूच्या रामचंद्राने चालवला. आणि त्या रामचंद्राची जानकी कांदिवलीच्या कारखान्यात कामगार अधिकाऱ्याच्या खुर्चीत बसून एका माणसाची नोकरी जाताना पाहत होती.

माणूस समोरच उभा होता. नाव अंबादास. संपानंतर त्याच्या गिरणीचे दार पुन्हा उघडले नाही, म्हणून उतारवयात तो इथे औषधांच्या बाटल्यांचे खोके बांधायला लागला होता. तक्रार लेबले लावणाऱ्या बायकांची होती. त्यांच्या वतीने कमळ आली होती, आणि कमळ खोटे बोलणारी बाई नव्हती.

"टक लावून बघतो, बाई. तोंडाकडे. ओठांकडे! आपण बोलायला लागलो की नजर हलतच नाही मेल्याची."

व्यवस्थापक चंद्रप्रकाश खिडकीकडे तोंड करून उभा होता. विषय अवघड असला की तो कोणाकडे पाहत नसे.

"तक्रार खरी आहे?" त्याने खिडकीला विचारले.

"हो साहेब," अंबादास म्हणाला.

"या वयात लाज नाही वाटत?"

"हो साहेब."

कमळने कपाळाला हात लावला.

"झालं तर मग. स्वतःच कबूल करतोय," चंद्रप्रकाश म्हणाला. "जानकीबाई, उद्यापासून बंद करा याला."

जानकीने लेखणी उचलली नाही. पहिला होकार प्रश्न संपण्याआधी आला होता आणि दुसरा प्रश्नाला लागू पडत नव्हता. तिने शब्द बाजूला ठेवले आणि त्या माणसाकडे पाहिले. साहेबाने जरा मान वळवली की त्याची नजर धावत जाऊन साहेबाच्या तोंडावर बसे. साहेब पाठमोरा झाला की ती हरवल्यासारखी खोलीभर फिरे आणि शेवटी कमळच्या ओठांवर येऊन टेके.

ही नजर जानकीच्या ओळखीची होती. घरी जेवायला बसल्यावर हीच नजर तिच्या ओठांवर असे.

शेकडो मागांच्या खडखडाटात माणसे आवाजाने बोलत नाहीत. ओठांनी आणि हातांनी बोलतात. त्याच खडखडाटाने रामचंद्राचे कान खाल्ले होते. ते वर कळते तर त्याला घरी बसवले असते. कळले नाही, कारण शेजारच्या मागावर मार्तंड होता. मागून कोणी साहेब येताना दिसला की मार्तंड रामचंद्राच्या डाव्या खांद्यावर दोन बोटे ठेवी आणि रामचंद्र वेळेत वळे. जानकीचे शिक्षण, बोरिवलीची खोली, ही खुर्ची, सारे त्या दोन बोटांवर उभे होते. मार्तंडला जाऊन वर्षे लोटली. रामचंद्र अजून तो खांदा चोळतो. "बोटं आहेत गं त्याची तिथं," म्हणतो. "ऋण फेडल्याशिवाय उचलायचा नाही तो ती."

जानकी उठली. अंबादाससमोर उजेडात उभी राहिली आणि आवाज न काढता, नुसत्या ओठांनी तिने विचारले, "मागावर होतात ना?"

खोली एकदम शांत झाली, तेव्हा कुठे चंद्रप्रकाशने वळून पाहिले.

अंबादासचा चेहरा खुलला. त्याने उजवा तळवा डावीकडे सपकन नेला आणि परत आणला, मागावर आडवा धागा घेऊन धोटा पळतो तसा. मग त्याचे ओठही हलले. त्यांनाही आवाज नव्हता.

"हे काय चाललंय?" चंद्रप्रकाश म्हणाला.

"यांना ऐकू येत नाही, साहेब. मागांनी कान गेले. हे बायकांच्या ओठांकडे बघत नव्हते. ऐकत होते."

"अगं बाई गं," कमळ पुटपुटली आणि खाली बसली.

चंद्रप्रकाश वाईट माणूस नव्हता. त्याने विचार केला आणि मान हलवली. "मग तर आणखीच कठीण. मागून ढकलगाडी आली तर? याला काही झालं तर जबाबदार कोण?"

"माझे वडील असेच निवृत्तीपर्यंत मागावर उभे राहिले. शेजारी एक माणूस लागतो, साहेब. एवढंच."

"आणि तो शेजारी कोण उभा राहणार? तुम्ही खुर्ची सोडून?"

जानकीने तोंड उघडण्याआधी कमळ उठली.

"मी राहते."

मग ती अंबादासवर कडाडली, "काय हो काका, आधी बोलायचं ना! आम्ही काय खाल्लं असतं तुम्हाला?" अंबादास भलतीकडेच पाहत होता. कमळने जीभ चावली, त्याच्या पुढ्यात गेली आणि तेच सारे पुन्हा सावकाश, हातवारे करून म्हटले.

अंबादास हसला. "भ्यालो गं पोरी. कानाचं कळलं की काम जातं."

चंद्रप्रकाश खिडकी सोडून आला. अंबादासच्या समोर उभा राहिला, त्याच्या डोळ्यांना डोळे मिळेपर्यंत थांबला आणि एकेक शब्द सुटा करून म्हणाला, "उद्या वेळेवर या."

खाली निघालेल्या कमळला जानकीने दारात थांबवून दाखवले: डावा खांदा, दोन बोटे, हलके.

संध्याकाळी बोरिवलीच्या खोलीत ती वडिलांसमोर बसली आणि नुसत्या ओठांनी तिने सगळे सांगितले. रामचंद्राने शेवटपर्यंत पापणी हलवली नाही.

"त्या बाईला खांदा कुठला दाखवलास?"

"डावा, बाबा."

रामचंद्राचा हात सवयीने आपल्या खांद्याकडे गेला. तिथे तो जरा वेळ चाचपडत राहिला, ठेवलेली वस्तू जागेवर नसावी तसा.

"उचलली गं," तो म्हणाला. "मार्तंडानं बोटं उचलली."