अकरा मैल
कॅनडाच्या उत्तर टोकाला नोकरीला गेलेला नवरा दोन वर्षं फोनवर एकच सांगत होता, “इथे शाळा नाही गं. शाळेचं गाव विमानाने दोन तास. पर्णीला कसं आणू?” मृदुला दर हिवाळ्यात तिकडच्या थंडीसाठी लेकीची लोकरीची टोपी उसवून, टाके वाढवून विणायची. आज तिच्या दुबईच्या तिकीट ऑफिसात गिऱ्हाइकाला तिकडचंच तिकीट हवं होतं. तिने विमानी अंतरांचं पुस्तक उघडलं. नवऱ्याच्या गावापासून शाळेचं गाव अकरा मैल. पट्टी लावून ओळ पुन्हा वाचली. अजमानच्या घरून ती रोज ऑफिसला त्यापेक्षा लांबून यायची. संध्याकाळी नवऱ्याचा फोन आला. “पुढच्या वर्षी, इन्शाल्ला!” “तुमचं विमान फारच हळू उडतं हो,” म्हणत तिने फोन ठेवला आणि टोपी उसवायला घेतली. “मम्मी, मेकिंग इट बिगर?” पर्णीने विचारलं. “नाही गं राणी. आता ही तुझ्या बाहुलीच्या मापाची करू.”