सेकंदाला तीस

पहिली सळई डोक्यात बसली तसा केळीवाला भर बाजारात गुडघ्यांवर आला, आणि पेपरचा फोटोग्राफर रोहिदास याने बटण दाबून धरलं. नवा मिररलेस कॅमेरा मुकाट टिपत राहिला. मारेकरी पळाले तेव्हा रक्त रोहिदासच्या बुटापर्यंत आलं होतं.

"मध्ये पडायला वेळच कुठे होता, मॅडम? डोळ्याचं पातं लवायच्या आत सगळं संपलं," तो पोलीस ठाण्यात म्हणाला.

इन्स्पेक्टरबाई एकेक फोटो सरकवत होत्या. "बाराशे आहेत. सेकंदाला किती काढतो तुमचा कॅमेरा?"

"तीस." सवयीच्या तोऱ्यात तो बोलून गेला.

"म्हणजे चाळीस सेकंद."

बाईंनी शेवटचा फोटो मोठा केला, आणखी मोठा केला. तो कुठेच धूसर झाला नाही. वर सळई उगारलेली होती, आणि केळीवाल्याचा हात कॅमेऱ्याकडे पसरलेला होता.