ग्राफसाहेबांची परीक्षा

रोसविथाची दोन स्थळं आईच्या संशयापायी मोडली होती. जर्मनीतल्या विस्बाडेनमध्ये ग्राफ ही सरदारकीची पदवी लावून फिरणारे निम्मे लोक नकली असतात, असं बॅरोनेस अल्विनाबाईंचं ठाम मत होतं. त्यामुळे रोसविथाला मागणी घालायला ग्राफ लोदार आले, तेव्हा कॉफी ओततानाच बाईंनी तपासणी सुरू केली.

“मार्कग्राफ म्हणजे कोण हो?”

“सरहद्द राखणारा ग्राफ.”

“आणि बुर्गग्राफ?”

“गड सांभाळणारा.”

“फ्रायहेर मोठा की ग्राफ?”

“अर्थात ग्राफ. फ्रायहेर त्याच्या एक पायरी खाली, त्याच्याखाली रिटर, आणि सगळ्यात शेवटी नावाला नुसतं ‘फॉन’ लावणारे.”

रोसविथाचा जीव भांड्यात पडला. आईच्या कपाळावरची आठी मात्र वाढली.

“खऱ्या ग्राफाला यातलं निम्मंही सांगता येत नाही,” त्या म्हणाल्या. “कोण कोणाच्या वर, कोणाला आधी वाढायचं, हे तोंडपाठ असतं फक्त नोकरांना. चुकलं की हाकलतात ना त्यांना!”

लोदारचा चेहरा पांढराफटक पडला. त्याने कप खाली ठेवला आणि कसाबसा म्हणाला, “पण बाईसाहेब, हे तुम्हाला कसं ठाऊक?”

रोसविथा आईकडे बघतच राहिली. बाई उठल्या, दाराला आतून कडी घातली आणि लोदारच्या शेजारी येऊन बसल्या.



“कोणाच्या घरी होतास रे?”