माणसासकट होडी

नारबाच्या धक्क्यावर उभं राहून होड्या उचलायच्या लिफ्टवाल्याने बांबू खाली खुपसला. तो चिखलात जातच राहिला.

“आजोबा, इथे खांबांची लिफ्ट टिकायची नाही. तरंगती घ्या. खाडीला पाणी कमी असलं तरी रिकामी होडी सहज उचलेल.”

“रिकामी कित्याक?” नारबा उसळला. “माणूस बसलेला आसताना वर येवक व्हयी. तिका चिखलात उतराक जमणा नाय.”

शेवंताचे गुडघे गेल्यापासून ओहोटीला होडी रुतली, की नारबा आपल्या बायकोला पाठुंगळी घेऊन धक्क्यावर आणायचा. सगळी वाडी बघायची. ती लाजेने त्याच्या मानेत तोंड लपवायची आणि म्हणायची, “ती लिफ्ट तेवढी घेवया.” गेल्या वर्षी त्याने नाव नोंदवलं होतं, माणूस आज उगवला.

“होडीत बसणाऱ्याचं वजन किती धरू?” लिफ्टवाल्याने वही उघडली.

नारबा आकडा सांगणार, तेवढ्यात लेकीने त्याच्या खांद्यावर हात ठेवला. “बाबा, आयेक जावन सात म्हयने झाले.”

लिफ्टवाल्याने वही मिटली. नारबा धक्क्यावरून उतरला. गुडघाभर चिखल तुडवत होडीपाशी गेला, होडीकडे पाठ केली आणि नेहमीसारखा वाकून उभा राहिला.

लेक हाका मारत राहिली. पण पाठीवर भार आल्याशिवाय उठायची त्याला सवयच नव्हती.