सरळ चाललेलं विमान

निवृत्तीनंतर दादानं मला कॉम्प्युटरवरची विमानांची लढाई शिकवली. तो त्याच्या घरी, मी माझ्या. कानाला हेडफोन लावून दर रविवारी आमची जुंपायची. लहानपणी पत्त्यांत त्यानं मला कधी जिंकू दिलं नाही, तसं इथंही नाही. मी त्याच्या मागे लागले की असा गर्रकन वळायचा, की पुढच्या क्षणी तोच माझ्या मागे! वर म्हणायचा, "ठमे, वळ की! बैलगाडी हाकतेस का?"

नियम मात्र त्याचा कडक होता. समोरचं विमान न वळता सरळच जात राहिलं, तर माणूस खुर्चीतून उठून गेलाय असं समजायचं आणि गोळी झाडायची नाही.

काल त्याचं विमान तसंच सरळ चाललं होतं. नियम मला आठवत होता, पण बोट काही आवरलं नाही. विमान पेटून खाली गेलं आणि माझं मलाच ओशाळल्यासारखं झालं.

"दादा, दार उघडायला उठला होतास ना? चुकलंच माझं. हा डाव नको धरूस."

मग हेडफोनमध्ये वहिनीचा आवाज आला.



"नाही हो वन्सं, ते इथंच बसलेत. विमान वळवायचं कसं, ते मला विचारताहेत."