जुम्मेरातीची उदबत्ती

रूथबाई मानमोडीच्या साथीत वारल्या. त्यांचे यजमान शलमोन पाद्री मात्र नेम न मोडता रोज पहाटे, दार लावून, धुळ्याच्या मोमीनवाड्यातल्या एकेकाचं नाव घेऊन प्रार्थना करत. इकडे दर गुरुवारी रूथबाईंच्या कबरीवर कुणीतरी उदबत्ती लावून जाई. एकदा पाद्रींनी पाळत ठेवली. मोमीनवाड्यातली म्हातारी जुलेखाबी कबरीपाशी हात पसरून दुवा मागत होती.

"जुलेखाबी, आमच्यात मेलेल्यांसाठी मागत नाहीत."

"म्हणून तर ती माझ्या सपनात येते, पादरीबाबा."

"काय म्हणते?"

"म्हणते, जुलेखाबी, रोज पहाटे घरातच बसून ऐकते मी. तुमच्या मोहल्ल्यातल्या बठ्ठ्यांची, एकूणएकाची नावं येतात. माझं येत नाही."